सुरू केलं : परब

आमच्या ऑफिसात सगळे एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायचे, अगदी वरच्या साहेबांनासुद्धा. अपवाद फक्त परबबाईंचा. त्यांना ‘मेघना’ म्हणायची कुणाची छाती नव्हती, आणि ‘मॅडम’ म्हटलेलं त्यांना चालत नसे. “मॅडम बँकेत असते. मला बाई म्हणा, नाहीतर नुसतं परब म्हणा,” असं त्या नवीन माणसाला पहिल्याच दिवशी सांगून टाकत. मी लागले तेव्हा मला वाटलं, बाई खडूस दिसतायत. दिसत होत्या कसल्या, होत्याच.

ऑफिस अंधेरीला, मरोळच्या बाजूला. कंपनी डायलिसिस केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायची. कोणता पेशंट कोणत्या खुर्चीवर, त्याचं वजन किती, अंगातलं पाणी किती काढायचं, हे सगळं एका चिठ्ठीवर छापून सिस्टरच्या हातात पडायचं. मी हेल्पडेस्कवर. म्हणजे केंद्रातून कुणी ओरडायला लागलं की ते गोड आवाजात ऐकून घेणं हे माझं काम. परबबाईंचं टेबल माझ्या मागे. त्या नेमकं काय करतात हे कळायला मला बरेच दिवस लागले, कारण बहुतेक वेळ त्या नुसत्या स्क्रीनकडे बघत बसलेल्या असायच्या.

तर ते काम असं. आमचे प्रोग्रामर दिवसभर आपापलं काहीबाही लिहीत असत. ते सगळं एकत्र करायचं, चालतंय का ते तपासायचं आणि ठीक असलं तर केंद्रांमधल्या कॉम्प्युटरवर नेऊन बसवायचं, ही सगळी हमाली करायला एक सर्व्हर होता. माणसाने हात न लावता तो हे आपलं आपण करायचा. सगळं जमलं की स्क्रीनवर हिरवा गोल, कुठे अडलं की लाल. हा सर्व्हर परबबाईंनी एकटीने उभा केला होता, कंपनीत जेमतेम एका खोलीत मावतील एवढी माणसं होती तेव्हा. त्या त्याला ‘झील’ म्हणायच्या. मालवणीत झील म्हणजे मुलगा. घाटकोपरहून मेट्रोने यायच्या, पर्स ठेवायच्या आणि बसायच्या आधी विचारायच्या, “झिलान आज काय दिवे लावल्यान?”

लाल झालं की प्रोग्रामर लोकांचा चेहरा पडे. बाईंचा उलट खुलायचा. त्या चष्मा वर सारून चूक मोठ्याने वाचायच्या, आणि तीही पहिल्या ओळीपासून. पोरं शेवटची ओळ वाचून धावत सुटतात याचा त्यांना भयंकर राग. “पहिली ओळ वाच. मशीन खोटं नाही बोलत, अर्धवट बोलतं,” हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की घरी मिक्सर बंद पडला तरी मला तेच आठवतं. दुपारी डबा उघडला की सुक्या जवळ्याच्या चटणीचा वास एसीतून सगळ्या मजल्यावर फिरायचा. एकदा कुणीतरी त्याबद्दल वर ईमेल केली. दुसऱ्या दिवशी बाईंनी मोठा डबा भरून आणला आणि प्रत्येकाच्या टेबलावर चमचाभर चटणी वाढत फिरल्या. तक्रार करणाऱ्यानेच दोनदा मागितली.

पण कावळ्याची गोष्ट सांगितल्याशिवाय बाई कळायच्या नाहीत. ऑफिसात प्लास्टिकचा एक काळा कावळा होता. ज्याच्या कामामुळे लाल होईल त्याच्या टेबलावर तो बसवायचा, अशी पद्धत कुणीतरी पाडली होती. जाता-येता सगळे त्याच्याकडे बघून काव काव करणार. धमाल यायची, नाही असं नाही. एकदा तो आमच्या वैभवच्या टेबलावर लागोपाठ काही दिवस मुक्कामाला राहिला. वैभव मुळातच अबोल, त्यात नवीन. जेवायलाही येईनासा झाला. बाईंनी एक दिवस येऊन कावळा उचलला आणि आपल्या ड्रॉवरमध्ये टाकला.

“अहो बाई, मजा असते ती,” कुणीतरी म्हणालं.

“मजा तुझी. नाव त्याचं जातं. चूक कामात असते ना? मग कामाचं नाव घ्या. माणसाचं घ्यायचं नाही.”

दुसऱ्याच्या नावाला एवढं जपणाऱ्या या बाईने स्वतःचं नाव मात्र कुठे कुठे टाकून ठेवलं होतं, ते आम्ही रोज बघत होतो आणि हसत होतो. सर्व्हर कुठलंही काम हातात घेताना वर एक ओळ लिहायचा, सुरू कुणी केलं त्याची. सुरुवातीच्या घाईत बाईंनी त्याला स्वतःच्याच खात्याच्या चाव्या, म्हणजे पासवर्ड वगैरे, देऊन टाकल्या होत्या. त्यामुळे मशीन आपलं आपण चालू झालं तरी ओळ यायची, ‘सुरू केलं : परब’. बाई गावाला गेल्या तरी परब. बाई आईच्या आजारपणात रजेवर होत्या तेव्हाही ऑफिसात तासातासाला परब काहीतरी सुरू करत होत्या. “बाई, तुम्ही घरी झोपता तरी कधी?” असं आम्ही चिडवायचो.

खरं म्हणजे मशीनला मशीनचं वेगळं खातं द्यायचं असतं, माणसाचं नाही. हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर त्याची धडगत नव्हती. स्वतःचं विचारलं की म्हणायच्या, “करायचंय रे. एक दिवस सवडीने बसून करते.” ती सवड काही त्यांना मिळाली नाही. मला वाटतं, ती ओळ त्यांना आवडायची.

ती ओळ एकदा त्यांच्या अंगावर आली होती. मी लागायच्या आधीची गोष्ट. बाईंनी मला ती तुकड्यातुकड्यांनी सांगितली, आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी येऊन थांबल्या.

सर्व्हरने नेहमीप्रमाणे नवीन सॉफ्टवेअर केंद्रांवर बसवलं होतं. सगळं हिरवंगार. सकाळी मुलुंडच्या केंद्रात स्क्रीन उघडली तर सगळ्या खुर्च्या रिकाम्या, कुणाचंच नाव नाही. बाकीच्या पेशंटांनी आरडाओरडा केला, त्यांना कसंबसं बसवून घेतलं. एक आजोबा मात्र वाद घालणाऱ्यांतले नव्हते. नवीन सिस्टर म्हणाली तुमचं नाव नाही, तर ते पिशवी उचलून बसने घरी गेले. संध्याकाळी त्यांना श्वास घेता येईना म्हणून हॉस्पिटलात ठेवावं लागलं. त्यातून ते वाचले. बाई त्यांना भेटायला गेल्या होत्या. कंपनीने पाठवलं नव्हतं, आपण होऊन गेल्या.

“त्यांनी मला विचारलं गो, माझं नाव कुणी पुसलं?”

“मग तुम्ही काय सांगितलंत?”

“काय सांगणार? वर लिहिलेलं होतं ना. म्हटलं, मी.”

चूक कुणाच्या तरी दोन ओळींत होती, आणि कुणाच्या ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. ते नाव त्यांनी मला शेवटपर्यंत सांगितलं नाही.

त्यानंतर बाईंनी दोन गोष्टी केल्या. सर्व्हर सगळं तपासून तयार झाला की केंद्रांवर जायच्या आधी थांबायचा आणि बाईंनी बटण दाबेपर्यंत हलायचा नाही. आणि बटण दाबल्यावर, हिरवं झाल्यावरही, बाई खुर्चीतून उठायच्या नाहीत. मला म्हणायच्या, “लाव मुलुंडला.” मी फोन लावायचा. तिकडे पहिल्या पेशंटची चिठ्ठी छापून सिस्टरने ती वाचून दाखवली की बाई उठणार. तोवर पाणी नाही, चहा नाही, कुणाशी धड बोलणं नाही. मुलुंडच्या रेश्मा सिस्टरला आणि मला त्याची इतकी सवय झाली होती की आमची त्या फोनवरच मैत्री झाली.

“हिरवं झालंय की बाई,” मी एकदा कंटाळून म्हटलं.

“हिरवं हे मशीनचं मत. माणसाचं मत यायचंय अजून.”

मग निशांत आला. बोरिवलीचा, हुशार, चटपटीत, कामाला वाघ. तो वाईट माणूस होता असं मला लिहिता आलं असतं तर हा लेख सोपा झाला असता. तो सगळ्या तांत्रिक कामाचा प्रमुख म्हणून आला आणि आठवड्याभरात त्याची नजर त्या थांब्यावर गेली.

“परबबाई, एक सांगा ना. सर्व्हर कशाला ठेवला आपण? माणसाने थांबायला नको म्हणून ना? मग तो तयार होऊन तुमची वाट बघत बसतो, याला काय अर्थ आहे यार?”

“वाट नाही बघत. विचारतो तो.”

“काय विचारतो?”

“जाऊ का, म्हणून.”

निशांत हसला. “आणि तुम्ही रजेवर असलात की?”

त्याचं खोटं नव्हतं. त्या रजेवर असल्या की दुरुस्त्या अडून राहायच्या, आणि केंद्रांच्या शिव्या मी खायचे. निशांतने तपासण्या वाढवल्या, त्या चांगल्या होत्या. मग त्याने थांबा काढायला सांगितला, आणि बाईंनाच सांगितला. मला वाटलं आता भांडण होणार. बाईंनी शांतपणे तो काढला, कसा काढला ते सगळ्यांना बसवून समजावलं आणि घरी गेल्या. आणि त्यानंतर काही मोडलं नाही. दुरुस्त्या दिवसातून कितीदाही जायला लागल्या, माझ्याकडचे ओरडणारे फोन कमी झाले. बाई मात्र प्रत्येक वेळी हिरवं झालं की मान वळवून माझ्याकडे बघायच्या. मी फोन लावायचं बंद केलं होतं. दिवसाला कितीदा लावणार?

थोड्या दिवसांनी कळलं की बाईंच्या जागेची आता गरज उरलेली नाही. हे त्यांना निशांतनेच सांगितलं, आणि सांगताना तो टेबलाकडेच बघत होता, असं काचेबाहेरून बघणारे म्हणत होते. बाईंनी सर्व्हरचं सगळं काम टीमला शिकवलं. शुक्रवारी केक झाला. त्यांनी लॅपटॉप परत दिला, कार्ड परत दिलं, ड्रॉवर रिकामा केला. कावळा तेवढा तिथेच राहिला. मला म्हणाल्या, “येते गो. झिलाकडे लक्ष ठेव.” मला रडू आलं आणि त्यांनी मला दटावलं.

सोमवारी सकाळी रेश्मा सिस्टरचा फोन आला. चिठ्ठीवर पेशंटचं आजचं वजन येत नव्हतं, मागच्या खेपेचं येत होतं. वजनावरून पाणी किती काढायचं ते ठरतं. सिस्टर लोक स्वतः पुन्हा वजन घेतात म्हणून लक्षात आलं. शुक्रवारी दुपारी गेलेल्या, सोमवारपासून लागू झालेल्या कामातली ती चूक होती. आता त्या प्रत्येक चिठ्ठी खोडून हाताने लिहीत होत्या आणि दारात पेशंटांची रांग लागली होती.

दुरुस्ती झटपट झाली. वैभवनेच केली. पण ती सर्व्हरला दिली तर लाल. पुन्हा दिली, पुन्हा लाल. काहीच पुढे जाईना. कारण समजायला थोडा वेळ गेला आणि समजलं तेव्हा कुणी कुणाकडे बघेना. माणूस सोडून गेला की त्याचं खातं बंद करायचं हा कंपनीचा नियम, आणि तो अगदी वेळेवर पाळला गेला होता. खात्याबरोबर त्यातल्या चाव्याही पुसल्या गेल्या होत्या, आणि सर्व्हर सगळीकडची दारं त्याच चाव्यांनी उघडत होता. कुठली चावी कुठे बसते ते बाईंनाच माहीत. शिकवताना त्यांनी सगळं शिकवलं होतं, हे एक सोडून.

“जाताना कुलूप लावून गेल्या,” निशांत म्हणाला. तो घाबरलेला होता आणि घाबरलेला माणूस बोलतो तसं बोलला. पण बोलला सगळ्यांसमोर. लगेच कुणीतरी म्हणालं की त्यांचं अनुभवाचं पत्र अजून द्यायचंय, ते थांबवा. कुणीतरी वकिलाचं नाव काढलं. जिने वैभवच्या टेबलावरचा कावळा उचलला, तिचं नाव पहिल्या चहाच्या आत मातीत गेलं. वैभव अर्धवट उठला आणि पुन्हा स्क्रीनकडे वळून बसला. मला सगळ्यांचाच संताप आला. मी जिन्यात जाऊन बाईंना फोन लावला.

“बाई, शुभा बोलतेय. सर्व्हर अडलाय. लाल जातच नाहीये.”

“पहिली ओळ वाच.”

मी फोटो काढून आणला होता, तो वाचला. “परवानगी नाही.”

“कुणाला?”

“परब.”

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. मग अगदी बारीक आवाजात ऐकू आलं, “अगे बाय माझे.”

मी मुलुंडचं सगळं सांगितलं. फोनवर सांगा, आम्ही करतो, असंही म्हटलं. “नको. एक चावी चुकली तर दुसऱ्या केंद्राची वाट लागेल. मी येते,” म्हणाल्या.

त्या आल्या तेव्हा मी खाली गेले होते. गेटवर शिंदे वॉचमन. इतकी वर्षं बाईंना सलाम करणारा माणूस, आता त्यांना पाहुण्यांचा पास द्यायची वेळ आली. त्याने मान खाली घालून भराभर पास भरला, बाईंनी तो न बघता पर्समध्ये टाकला आणि आम्ही वर गेलो.

त्यांच्या जुन्या टेबलावर कावळा बसवलेला होता. कुणी बसवला ते शेवटपर्यंत कळलं नाही. वैभव तो उचलायला धावला तर बाईंनी हाताने थांबवलं. “राहू दे. आज माझाच मान आहे.”

कीबोर्डला हात लावायची त्यांना आता परवानगी नव्हती. त्या खुर्ची ओढून वैभवच्या मागे बसल्या आणि सांगू लागल्या, तो टाइप करू लागला. निशांत शेजारी हाताची घडी घालून उभा होता. आधी सर्व्हरसाठी नवीन खातं उघडायचं होतं.

“नाव काय देऊ, बाई?” वैभवने विचारलं.

“मशीनचंच दे. माणसाचं नको.”

एकेक चावी नवीन खात्यात बसत गेली. बाईंनी एकदाही कागद बघितला नाही, एकदाही आवाज चढवला नाही. शेवटी सर्व्हर सुरू झाला आणि वर ओळ आली, ‘सुरू केलं : सर्व्हर’. बाईंनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, परत लावला. मला ते बघवेना.

हिरवं झालं. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, कुणी टाळ्या वाजवल्या, खुर्च्या सरकल्या. बाई जागच्या हलल्या नाहीत.

“लाव मुलुंडला,” त्या मला म्हणाल्या.

मी लावला, स्पीकरवर टाकला. रेश्मा सिस्टर म्हणाली, “थांबा हं, पेशंट काट्यावर उभा आहे.” उठलेले सगळे फोनभोवती जमले. निशांतसुद्धा गेला नाही. मग प्रिंटरचा आवाज आला आणि सिस्टरने चिठ्ठी वाचली. “आजचंच वजन आलंय. बरोबर आहे. परबबाई आहेत का तिकडे? बऱ्याच दिवसांनी असा फोन आला.”

बाईंनी मला खूण केली, नाही म्हणून सांग. मग त्या उठल्या.

निशांत लिफ्टपर्यंत आमच्याबरोबर आला. “बाई, एक विचारू? राग मानू नका,” तो म्हणाला. “हे तुम्ही मुद्दाम ठेवलं होतं का?”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं. रागाने नाही.

“मुद्दाम ठेवलं असतं तर बरं झालं असतं रे. विसरले मी. मघापासून विचार करतेय तर मला आठवतच नाही की मी गेल्यावर खातं बंद होईल हे कधी माझ्या डोक्यात आलं होतं. रोज समोर दिसत होतं माझं नाव, म्हणून दिसेनासंच झालं.”

निशांतने लिफ्टचं बटण दाबलं. “मला रिपोर्ट द्यावा लागणार आहे वर,” तो म्हणाला. “कारण काय लिहू? खातं बंद झालं, एवढंच लिहितो. कुणाचं ते नाही लिहीत.”

“लिही. परब लिही. मुलुंडला लोक उभे होते ना सकाळपासून? मग कुणीतरी मी म्हणायला नको?”

लिफ्ट आली. पत्र तुम्हाला मिळेल, असं काहीतरी निशांत पुटपुटला. दार बंद होताना त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला होता. मी खाली सोडायला गेले.

गेटवर शिंदे उभाच होता. “बाई, पास परत द्यावा लागतो,” तो म्हणाला, “आणि त्याच्यावर सही लागते. ज्यांना भेटलात त्यांची.” हे सांगताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

मी म्हटलं, मी वर जाऊन निशांतची घेऊन येते. बाईंनी पर्समधून पास काढला आणि पहिल्यांदाच वाचला. मग माझ्यापुढे धरला. पाहुण्याचं नाव, परब. त्याखाली, कोणाला भेटायचे आहे. तिथेही शिंदेने परबच लिहिलं होतं. आमच्या मजल्यावर येणारा प्रत्येक माणूस वर्षानुवर्षं त्यांनाच भेटायला येत होता, शिंदेच्या हाताला तीच सवय. त्याच्याही ते आत्ताच लक्षात आलं आणि तो पास ओढून घ्यायला पुढे झाला.

“चुकलं बाई, घाईत लिहिलं. दुसरा करतो.”

“नको. पेन दे.”

त्यांनी पास गेटच्या कठड्यावर ठेवला, पहिल्या ओळीपासून एकदा सगळा वाचून बघितला, आणि सहीच्या जागी सावकाश, नीट, आपलं नाव लिहिलं.